तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारी नोकरी का सोडली?

लग्नात, देवळात, चवथीला आरतीसाठी घरोघर फिरताना एकच प्रश्न, अरे सरकारी नोकरी कोण सोडतं काय? मालीम जेटीवर मासेमारीच्या ट्रॉलरची इंजिनं खोलत बसून मिळतं काय तुला? हल्ली तर दहावी झालेल्या पोरांना घेऊन येतात, याला आवडीचं करू देऊ का विचारायला. म्हणून एकदाच लिहितो.

आधी एक, बाबांना नावं ठेवू नका. आम्ही गोव्यातल्या खाणपट्ट्यातले, डिचोलीचे. 2012 ला लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा आमचा खनिज वाहणारा टिप्पर दारात उभा राहिला आणि कर्जाचे हप्ते चालूच. मध्ये चालू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये परत बंद. दोनदा हे भोगलेल्या माणसाने पोराला एलडीसीचा, म्हणजे सरकारी कारकुनाचा, फॉर्म भरायला लावला तर त्यात काय चुकलं? मी लागलोही. पण इंजिन मी त्याच उभ्या टिप्परवर शिकलो. बॅटरी बसू नये म्हणून बाबा दर रविवारी तो चालू करायला लावायचे, आणि धूर बघून सांगायचे, काळा आला तर हवा कमी पडतेय, निळा आला तर ऑइल जळतंय.

मग ऑफिसातला तो दिवस. पावसात लाईट गेलेली, बाहेर दाखल्यांसाठी ही मोठी लाईन, आणि जनरेटर धरायचा, दोन सेकंद चालायचा, मरायचा. टाकी कोरडी पडल्यावर डिझेल भरलं होतं, म्हणजे लायनीत हवा शिरलेली, हे मला टेबलावर बसून आवाजावरून कळत होतं. कंपनीचा माणूस संध्याकाळी येणार म्हणाले. मी उठलो, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप मारत राहिलो, आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. स्क्रू आवळला, इंजिन धरलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत, शांतपणे विचारलं, कोणाच्या परवानगीने हात लावला? उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मग मेमो. त्याच्या उत्तरात मला स्वतःच्या अक्षरात लिहावं लागलं, यापुढे असे होणार नाही. साहेब नियमाने बरोबर होते हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच जास्त लागलं. मला जे नीट येतं तेच तिथे करायचं नाही, आणि हे साठ वर्षांचा होईपर्यंत.

राजीनामा देताना मी बाबांना ऐकवलं होतं, आवडीचं काम केलं की ते काम वाटतच नाही. आज मला ते पटत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेवढ्यात सगळ्यांनाच आपला ट्रॉलर तयार हवा असतो, मग भर पावसात तळाच्या काळ्या पाण्यात गुडघे टेकून गिअरबॉक्स काढायचा, कंबर मोडते, ते कामच वाटतं. पैसे मालक सीझन लागल्यावर देतात, मासळी नाही मिळाली तर ख्रिसमसपर्यंत थांबवतात. पेन्शन गेली म्हणता, तर जुनी पेन्शन मलाही नव्हतीच, एनपीएस होतं, म्हणजे पगारातून कापून जमा होणारी नवी पेन्शन. पण पगाराची स्लिप गेली आणि बँकेने घराचं कर्ज नाकारलं, ते मात्र खरंच जड गेलं. तरी इंजिन धरेपर्यंत मला तिथून हलवत नाही, ऑफिसात पाचला बॅग तयार असायची. एवढाच माझ्याकडे पुरावा आहे, आवड म्हणा की कौशल्य म्हणा.

तुमच्या पोरांचं मी कसं सांगू? आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा एका वर्षाचा कोर्स आहे, दहावीवर मिळतो. पण त्याआधी जूनमध्ये त्याला जेटीवर पाठवा, मोबाईल घरी ठेवून, दिवसभर. संध्याकाळी तो काय विचारतो ते बघा. काहीच विचारलं नाही तर मी सांगितलं म्हणून त्याला यात घालू नका.

बाबा अजून पेपरातल्या जाहिराती कापून ठेवतात. वय बसतं म्हणतात, फॉर्म भर. मी भरला नाही अजून, पण त्यांना नाही असंही म्हटलेलं नाही.