अनपॉज

दहा वर्षं मी मेडिकल ट्रान्सक्रिप्शन केलं. डॉक्टर पान चघळल्यासारखा बोलायचा आणि आपण त्यातून औषधाचं नाव ओळखायचं. ते काम मशीनने खाल्लं, तसं नाशिकच्या द्वारक्याजवळचं आमचं ऑफिस परदेशी सभा-सुनावण्यांवर आलं. आता मशीन कच्चा ड्राफ्ट देतं आणि आम्ही पायाखालच्या पेडलने ऑडिओ मागेपुढे करत तो दुरुस्त करतो. तासाभराच्या ऑडिओला पूर्वी चार तास लागायचे, आता तीन. भाव मात्र निम्मा झाला. वरच्यांना हे गणित कोण समजावणार?

जून 2024 च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक मंडळाच्या बैठकीची फाइल आली. नागरिकांची भाषणं होती. प्रत्येकाला मोजका वेळ, मग घंटी. घंटी झाली की माणूस दुप्पट वेगाने बोलतो आणि कामाचं नेमकं त्यातच असतं.

विषय टोलचा. मॅनहॅटनमध्ये 60व्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी घातली की 15 डॉलर, 30 जूनपासून. गव्हर्नर कॅथी होकल यांनी 5 जूनला तो बेमुदत थांबवला होता. ड्राफ्टमध्ये वक्त्याच्या तोंडी होतं ‘ऑन पॉज’. म्हटलं, बरोबर, थांबलाय तो थांबूच द्या म्हणतोय. घोटी, पिंपळगाव, शिंदे, कुठल्याही नाक्यावर विचारा, दुसरं काय ऐकू येणार? वाक्य साफसूफ करून पुढे गेले. असे तीन वक्ते झाले.

चौथी बाई व्हीलचेअर वापरणारी. तिच्या स्टेशनला लिफ्ट नव्हती, ती या टोलच्या पैशातून होणार होती. तिच्या बोलण्यात ‘ऑन पॉज’ काही केल्या बसेना. सात वेळा पेडल मारलं. ‘अनपॉज’ म्हणत होती बाई. थांबवलेलं सुरू करा! म्हणजे आधीच्या तिघांचंही मी उलटंच करून ठेवलं होतं. मशीन चुकलं हे खरं, पण कान तर माझे होते.

सगळं सुधारून फाइल दीड तास उशिरा गेली. कारण विचारलं, तर ‘ऑडिओ खराब’ असं ठोकून दिलं.

हे वक्ते हिशोब पाठ करून आले होते. टोलचे वर्षाला सुमारे 1 अब्ज डॉलर, त्याच्या जोरावर 15 अब्जांचं कर्ज. त्यातले 80 टक्के शहराच्या मेट्रो-बसला, 10-10 टक्के दोन उपनगरी रेल्वेंना. 1930 च्या दशकातले सिग्नल बदलायचे होते, 472 पैकी बहुतेक स्टेशनांना लिफ्ट नव्हत्या. अकरा वाजता शिफ्ट सुटली. बस कधीच गेली होती, शेअर रिक्षात चौथी सीट मिळाली.

ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला. दर आठवड्याला मुंबईला जाणाऱ्या भावाने घरच्या ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. मुलुंडचे 45 रुपये वाचले ना!

फोनवर विचारलं, “ते पैसे जायचे कुठे रे?”

“उड्डाणपुलांना. कधीच वसूल झाले असतील.”

“आणि बसला?”

“बसला कशाला, ताई?”

तिकडचा टोल 5 जानेवारी 2025 ला लागला, 15 चा 9 डॉलर होऊन. फेब्रुवारीत ट्रम्प सरकारने मंजुरी मागे घेतली, मंडळ कोर्टात गेलं, वसुली चालू राहिली. त्या बाईची लिफ्ट झाली का, बघावं म्हणून जुनी फाइल उघडली. स्टेशनच्या नावावरच घंटी वाजली होती. तिथे टाइमकोड आहे आणि पुढे मीच टाइप केलेलं ‘इनऑडिबल’.