हेडफोन तुलना, पुढची नोंद: चष्म्याची काडी आणि डग्गा

मागच्या नोंदीत तिन्ही हेडफोनच्या आवाजाबद्दल लिहिलं होतं, आराम आणि फिटिंग पुढच्या वेळी बघू म्हटलं होतं. पण आता या दोन गोष्टी सुट्या करून लिहिणं मला पटत नाही. चष्मा लावणाऱ्यांसाठी तर हेडफोन डोक्यावर कसा बसतो यावरच निम्मा आवाज ठरतो.

हेडफोन तेच: सेनहायझर एचडी ६००, बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो (८० ओहमचा) आणि सोनी एमडीआर-७५०६. पहिला ओपन बॅक, म्हणजे कप मागून जाळीदार, बाकीचे दोन क्लोज्ड, म्हणजे कप मागून बंद.

आधी आवाजाची पातळी जुळवली. ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा: एचडी ६०० तीनशे ओहमचा, सोनी ६३ ओहमचा. अँपचा नॉब तिथेच ठेवला तर सोनी कितीतरी मोठा वाजतो, आणि मोठा वाजणारा हेडफोन कानाला लगेच भारी वाटतो. म्हणून जाड पुठ्ठ्याला मोबाइलच्या माइकएवढं भोक पाडलं, कप त्यावर दाबून धरला, पिंक नॉइज (तपासणीसाठी वापरतात तो एकसारखा खरखराट) लावला आणि मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या मीटरचा आकडा तिघांचाही सारखा येईपर्यंत नॉब फिरवला. प्रयोगशाळेइतकं अचूक नाही, पण घरच्या तुलनेला चालतं.

ऐकायला विलंबित ख्याल. गायकाचा षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) असेल तर तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला लागते. पण जवारीमुळे (घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारामुळे) त्याच तारेतून वरच्या स्वरांचा मोठा झुपका निघतो, तो पार ट्रेबलपर्यंत, म्हणजे उंच आवाजांपर्यंत जातो. एका तारेत हेडफोनची दोन्ही टोकं तपासून होतात. त्यात तबल्याच्या डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड (स्वर घसरत वर नेणं) आली की लो बेस कितपत धरला जातोय हे लपतच नाही.

डीटी ७७० वर जाड प्लास्टिकच्या काडीचा चष्मा लावून ऐकलं. डग्ग्याचा 'घे' हा बोल वाजतोय, पण त्याचं पोट गेलेलं. मींडीतला चढ कळतो, दाब कळत नाही. कानामागे, जिथे काडी कुशनच्या खालून जाते, तिथे बोटाने कप हलकेच दाबला आणि डग्गा आपल्या जागी आला. बोट काढलं की पुन्हा पोकळ. क्लोज्ड हेडफोनचा बेस कपात कोंडलेल्या हवेवर उभा असतो. काडीने बारीकशी फट पाडली तरी खालचे स्वर तिथून निसटतात, मिड्स (मधले स्वर) आणि ट्रेबल मात्र जवळपास तसेच राहतात. त्यामुळे 'हा हेडफोन पातळ वाजतो' असं मत होतं आणि हेडफोन बिचारा निर्दोष असतो. बारीक तारेच्या काडीचा चष्मा लावला तर डीटी ७७० च्या जाड मखमली कुशनने काडी पोटात घेतली, फरक अगदी थोडा उरला. सोनीचं कुशन पातळ आणि गुळगुळीत, तिथे बारीक काडीनेही बेस कमी होतो. शिवाय माझा कान आत टेकतो, त्यामुळे लांब ख्याल त्यावर पूर्ण ऐकवत नाही. वजन मात्र सगळ्यात कमी जाणवतं.

एचडी ६०० वर चष्म्याने आवाजात फारसा फरक पडत नाही, कारण तिथे हवा कोंडलेली नसतेच. अगदी खालचा बेस मुळातच कमी आहे, पण आवाजाची जात, श्वास, जवारीची कणी इथे जशी ऐकू येते तशी बाकी दोघांत नाही. डीटी ७७० चा ट्रेबल वर टोकदार आहे: अभंगातला टाळ आधी छान चमकतो आणि मग टोचायला लागतो. एचडी ६०० ची अडचण वेगळी, नवा असताना पकड घट्ट असते आणि काडी कानशिलात रुतते. हेडबँडची धातूची पट्टी बाहेर ओढून थोडी थोडी सरळ केली, घाई न करता, कारण पकड फार सैल झाली तर आवाजही बदलतो. आणि ओपन बॅक म्हटल्यावर पंखा ऐकू येणारच. उन्हाळ्यात पंखा बंद करून तंबोरा ऐकणं आपल्याकडे शक्य नाही, त्यामुळे दुपारी डीटी ७७०, रात्री एचडी ६०० अशी वाटणी झाली आहे.

कुशनचा खर्च आधीच धरून ठेवा. कृत्रिम चामडं आपल्या दमट हवेत सोलपटतं, मखमल टिकते पण दबते, आणि दबली की कान ड्रायव्हरच्या (कपातल्या छोट्या स्पीकरच्या) जवळ जाऊन आवाज बदलतो. सोनी १९९१ चा, एचडी ६०० १९९७ चा. दोन्ही अजून बाजारात आहेत आणि सुटी कुशनं मिळतात, हा जुन्या मॉडेलचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

पुढे सोनीला जाड कुशन लावून बघणार आहे. बेस वाढतो की आवाज नुसताच लांब जातो, ते पातळी पुन्हा जुळवून ऐकेन. तुम्ही नोंदी लिहाल तेव्हा चष्मा आहे का आणि काडी किती जाड, एवढं जरूर लिहा. नाहीतर 'बेस कमी आहे' यावरून दुसऱ्याला काहीच ठरवता येत नाही.