आजीच्या बायबलचे पहिले पान

वैजापूर तालुक्यातील आमच्या गावाहून हरेगावच्या मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, पायी वारी दर वर्षी निघते. ८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस मानला जातो आणि त्याच सुमारास श्रीरामपूरजवळच्या हरेगावात मोठी यात्रा भरते. आमची वाट तीन दिवसांची आहे. पुढे ध्वज, त्यामागे हातगाडीवर झेंडूच्या माळांत बसवलेली माउलीची मूर्ती, मग टाळकरी आणि मृदंगी, आणि सर्वांत मागे अंथरूण-पांघरूण, पाण्याचे जार व भाकरीचे पीठ घेतलेला ट्रॅक्टर असा आमचा क्रम असतो. वाटेत जे अभंग म्हटले जातात त्यांत नारायण वामन टिळकांचे अधिक असतात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, आणि त्यांचे शब्द टाळाच्या ठेक्यावर ऐकताना त्या सांगण्याचा अर्थ पायांना कळतो.

गेल्या भाद्रपदात मी अकराव्यांदा चाललो. या वेळी सोबत माझी थोरली आत्या होती. वय अठ्ठ्याहत्तर. तिच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या दोन कागदांत गुंडाळलेले, आजीचे बायबल होते. ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे राहावे असा आमच्याकडे रिवाज आहे, म्हणून माझ्या वडिलांच्या पश्चात ते तिच्याकडे गेले.

या ग्रंथाविषयी सांगितल्याशिवाय वारीविषयी सांगता येणार नाही. आजी जालन्याजवळच्या बेथेलची. ही वस्ती नारायण शेषाद्री यांनी वसवली. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेला हा ब्राह्मण तरुण पुढे निजामाच्या मुलुखात आला, आणि दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्याने मुख्यतः गावकुसाबाहेरच्या माणसांसाठी गाव उभारले. आजीचे वडील तेथे शेती करीत आणि १८४२ पासून निघत असलेले ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवीत. आजी लग्न होऊन आमच्या गावी आली तेव्हा वस्तीत वाचता येणारी ती एकटीच बाई होती. लोक पोस्टकार्ड घेऊन तिच्याकडे येत, तलाठ्याचा कागद घेऊन येत, सावकाराची पावती घेऊन येत. चुलीपुढे बसून ती वाचून दाखवी, म्हणून तिच्या बायबलच्या पानांच्या कोपऱ्यांवर हळदीचे बोट उमटलेले आहे. स्तोत्रसंहितेची पाने तर त्या बोटांनी पिवळीच झाली आहेत.

मुखपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या पानावर घरातील प्रत्येक जन्म आणि प्रत्येक लग्न तिने टाकाने लिहून ठेवले आहे. आमच्या आसपासच्या घरांत त्या काळच्या माणसांना जन्मसाल विचारले तर ‘मोठा दुष्काळ पडला त्याच्या दुसऱ्या साली’ असे उत्तर मिळत असे. माझ्या वडिलांना मात्र आपला दिवस, महिना आणि साल ठाऊक होते. ख्रिस्ती श्रद्धेने आमच्या जगण्यात काय बदलले, असे मला कोणी विचारले तर मी प्रथम त्या पानाकडे बोट दाखवीन. देवाचे वचन स्वतः वाचायचे असेल तर अक्षर यावे लागते, आणि एकदा अक्षर आले की ते फक्त देवाच्या वचनापाशी थांबत नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या मराठीत बायबल उतरविण्यात घालविली, ती साध्या बायामाणसांना समजावे म्हणूनच. हा प्रवाह चर्चच्या कुंपणातही राहिला नाही. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीबाईंनी नगरला अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. दोघेही ख्रिस्ती झाले नाहीत, पण मुलींच्या शाळेचा ध्यास त्यांनी आपला करून घेतला आणि कितीतरी पुढे नेला.

पहिल्या मुक्कामाला आम्ही एका वारकऱ्याच्या पडवीत असतो. गळ्यात तुळशीची माळ असलेले हे आबा आषाढीला पंढरपूरला जातात आणि भाद्रपदात आमच्यासाठी पिठले-भाकरी करवून ठेवतात. “या माउली, टेका जरा,” म्हणून ते आधी हातगाडीवरच्या मूर्तीला हात जोडतात आणि मग आम्हाला पाणी देतात. त्यांच्या आजोबांच्या काळी आमच्या आजोबांना याच ओसरीवर वरून, ओंजळीत, पाणी मिळत असे, हे दोन्ही घरांना ठाऊक आहे. आबा तांब्या हातात देतात, तेव्हा मी तो दोन्ही हातांनी घेतो.

त्या रात्री आत्याने सगळ्यांचे पाय पाहिले. हे तिचे ठरलेले काम आहे. तिचे सासर बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तेथे आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित असलेल्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका करायचे ही त्यांची रीत होती. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ख्रिस्तावरच्या श्रद्धेतून आपण खेड्यात आलो असे ते मानीत, परंतु उपचारासाठी कोणाला धर्म विचारला जात नसे. आत्या त्या बायकांपैकी एक. ज्या वाड्यांच्या उंबऱ्याबाहेर तिला उभे केले जाई, त्याच वाड्यांत पुढे बाळंतपणासाठी रात्री-अपरात्री तिला बोलावणे येऊ लागले, आणि माजघरातून ती बाळ हातात घेऊन बाहेर येई. हा बदल तिने डोळ्यांनी पाहिला आणि तो स्वतःच्या हातांनीही केला.

म्हणूनच पुढची गोष्ट लिहिताना मला जड जाते. माझ्या चुलतभावाच्या मुलाने सहा वर्षांपूर्वी लग्न केले. मुलगी ख्रिस्ती, शिकलेली, सरकारी दवाखान्यात परिचारिका. परंतु तिचे पूर्वज मातंग समाजातून ख्रिस्ती झाले आणि आमचे महार समाजातून, एवढ्या कारणावरून आत्याने त्या लग्नाची नोंद बायबलच्या पानावर होऊ दिली नाही. पुढे त्यांना मुलगी झाली; तिचेही नाव लिहिले गेले नाही. एकाच भाकरीचा प्रभूभोजनात वाटा घेणारी माणसे सोयरिकीच्या वेळी पुन्हा जुन्या वाड्या-वस्त्यांत जाऊन बसतात, हे मराठवाड्यातील आमच्या मंडळ्यांचे दुखणे आहे आणि ते झाकून ठेवण्यात मला भक्ती दिसत नाही. बाहेरून येणारा अन्याय वेगळाच. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांना आजही नाही. त्यामुळे कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि चर्चच्या वहीत दुसरे, असे दुहेरी जगणे चालते. कागद म्हणतो तुम्हाला जात नाही, गाव म्हणते आहे, आणि आम्ही आपसांत ती काळजीपूर्वक जपतो.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून पावसाने झोडपले. काळ्या रानातली पायवाट धरली होती. चपला चिखलात रुतून बसत, म्हणून त्या हातात घेऊन चालणे भाग पडले. बाजरीची कणसे पाण्याने वाकली होती. गोदावरीच्या पुलावर पोहोचेपर्यंत अंधार पडला. पाणी तांबडे, भरलेले, आणि पुलाखालून त्याचा एकसारखा घुमारा येत होता. पलीकडच्या शाळेच्या वऱ्हांड्यात मुक्काम पडला तेव्हा आत्याला बसवेना. तिच्या डाव्या टाचेला मोठा फोड येऊन फुटला होता आणि आत चिखल गेला होता.

सगळ्यांचे पाय पाहणाऱ्या बाईचे पाय पाहायला त्या रात्री हीच परिचारिका सून पुढे आली. तिने पाणी उकळून कोमट केले, टाच धुतली, बॅटरीच्या उजेडात खड्याचा कण काढला, मलम लावून पट्टी बांधली. “पाय लई दुखू राह्यलेत का, आत्याबाई?” एवढेच ती बोलली. आत्या काही बोलली नाही. मात्र ती पट्टीचा शेवटचा वेढा जवळून न्याहाळत होती, जसा जाणता कारागीर दुसऱ्याचे काम न्याहाळतो. थोड्या वेळाने ती म्हणाली, “गाठ बाजूला घेतलीस. टाचेखाली घेतली असती तर चालता आलं नसतं.”

रात्रीच्या प्रार्थनेत १२१ वे स्तोत्र वाचायचे असते. यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंचे ते गीत आहे. एरवी ते मी वाचतो. त्या रात्री आत्याने प्लॅस्टिकचे कागद सोडून बायबल सुनेच्या हातात दिले. ती वाचत असताना माझ्या मनात आजी होती. बेथेलमध्ये वाढलेल्या आजीने आपली मूळची जात आम्हाला कधीच सांगितली नाही. आम्ही लहानपणी विचारले की ती म्हणायची, “मला वाचता येतं, हे लिही.” आत्याला ते आठवले की नाही, मी विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी हरेगाव आले. माझे आजोबा येथेच बेलापूर कंपनीच्या उसाच्या मळ्यांत मजुरीला येत. मराठवाड्यातून आलेल्या अशा मजुरांच्या पायांनीच ही वाट प्रथम मळली, असे घरात सांगतात. यात्रेत ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते, मुसलमान बायाही होत्या. नवस फेडायला आलेल्यांच्या हातांत नारळही होते आणि मेणबत्त्याही. ओळीत आम्हाला अडीच तास लागले.

दर्शन झाल्यावर आत्या लिंबाच्या झाडाखाली बसली. तिने बायबल मांडीवर उघडले आणि पहिले पान वर केले. माझ्या धाकट्या बहिणीच्या नावाखाली चार बोटे जागा उरली होती. तिने माझ्या खिशातले पेन मागून घेतले आणि ते सुनेपुढे धरले.

“तुझं नाव लिव्ह. मग पोरीचं.”

सून बायबल गुडघ्यावर घेऊन लिहू लागली. शाईचे पेन जुन्या कागदावर जरा अडखळत होते. दोन ओळी झाल्यावर तिने मान वर केली, तेव्हा आत्या पुढे वाकून पाहत होती.

“साल राह्यलं,” ती म्हणाली. “लग्नाचं बी साल टाक.”