भिंत पाडली, मंजुरी नाही: इंग्लंडमध्ये घर विकताना

इंग्लंडमध्ये घर विकायला काढलं की सॉलिसिटर टीए६ फॉर्म भरायला देतो. घरात काय बदल केले आणि त्यांचे कागद कुठे, हे त्यात विचारलेलं असतं. बिल्डिंग रेग्युलेशन्सची, म्हणजे बांधकामाच्या सुरक्षेच्या नियमांखालची, मंजुरी न घेता भिंत पाडली असेल, तर व्यवहार इथेच अडतो. प्लॅनिंग परमिशन, म्हणजे मुळात बांधकाम करायची परवानगी, वेगळी, ती दाखवून भागत नाही.

आधी काउन्सिलला (स्थानिक पालिकेला) फोन करू नका! पहिला मार्ग इन्डेम्निटी विम्याचा, म्हणजे काउन्सिलने कारवाई केली तर नुकसान भरून देणारा. तो घ्यायचा असेल, तर या कामाबद्दल काउन्सिलकडे साधी चौकशीही झालेली चालत नाही. अर्थात हा विमा काउन्सिलच्या कारवाईपुरताच. उद्या भिंतीच्या जागी टाकलेला बीम खचला, तर त्याचा काडीचा उपयोग नाही. २०२२च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टने काम पाडा किंवा दुरुस्त करा अशी नोटीस काढायची काउन्सिलची मुदत एका वर्षावरून १० वर्षांवर नेली, हेही विसरू नका.

दुसरा मार्ग रेग्युलरायझेशन सर्टिफिकेटचा, म्हणजे काउन्सिलकडून मागाहून घ्यायच्या मंजुरीचा. ११ नोव्हेंबर १९८५पासूनच्याच कामांना ते मिळतं. इन्स्पेक्टर बीमच्या दोन्ही टोकांचं प्लास्टर फोडायला लावू शकतो. टोकांखाली पॅडस्टोन (भार पेलणारा दगडी किंवा काँक्रीटचा ठोकळा) आहे का, बीम भिंतीवर पुरेसा टेकलाय का, हे त्याला डोळ्यांनी बघायचं असतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरची गणितं आधीच करून ठेवा. लॉफ्टमध्ये (छताखालच्या माळ्यावर) खोली काढली असेल, तर जिन्यावर डोक्याच्या वर लागणारी मोकळी उंची आणि ३० मिनिटं आग थोपवणारी दारं, घोडं बहुधा इथेच पेंड खातं.

खिडक्यांचं सोपं आहे. फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचं) सर्टिफिकेट हरवलं असेल तर दुसरी प्रत मागवा.