केकमधले मनुके आणि बारा किलोंचा बीगल

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, सकाळी पावणेआठला फोन आला. गोव्यात डिचोलीजवळचं घर, चार वर्षांचा बीगल, नाव टायगर. शेजाऱ्यांकडून आलेलं कुसवाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट रात्री जेवणाच्या टेबलावरच राहिलं होतं. दोदोल आणि नेवऱ्या जागच्या जागी होत्या, काळा केक मात्र अर्ध्याहून जास्त गेला होता. "तसा तो एकदम बरा आहे डॉक्टर, शेपूट हलवतोय. आई म्हणतात मिठाचं पाणी पाजूया, उलटी होईल. पाजू का?"

काळ्या केकमध्ये मनुके असतात आणि ते कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विषारी ठरू शकतात. पण मीठ अजिबात नको, हे मी सगळ्यात आधी सांगितलं. हा उपाय अजून घरोघरी चालतो आणि त्यानं विषापेक्षा जास्त नुकसान होऊ शकतं. वजनाच्या किलोमागे २ ग्रॅम मिठापासून कुत्र्याला त्रास सुरू होतो आणि ४ ग्रॅमच्या आसपास जिवावर बेततं. बारा किलोंच्या कुत्र्यासाठी २४ ग्रॅम म्हणजे मोठे दीड चमचे. एकदा पाजून उलटी झाली नाही की माणूस दुसऱ्यांदा पाजतो. हायड्रोजन पेरॉक्साइडही घरी नको. उलटीसाठी ते ३ टक्क्यांचंच लागतं, आणि इथल्या औषधांच्या दुकानांत बरेचदा ६ टक्क्यांचं मिळतं. त्यानं अन्ननलिका आणि जठर भाजतं.

उरलेला केक, त्याचा कागद आणि कुत्रा, तिन्ही घेऊन लगेच निघा, असं सांगितलं. वाटेत शेजारच्या बाईंना फोन करून केकमध्ये काय काय आणि किती घातलंय ते विचारायलाही सांगितलं.

आठ चाळीसला ते पोहोचले. टायगरचं वजन १२ किलो. चाल सरळ, डोळे स्वच्छ, हाक मारली की बघत होता. हे तपासणं गरजेचं होतं, कारण केकमधली फळं रममध्ये मुरवलेली होती. कुत्रा झोकांड्या खात असेल किंवा गुंगीत असेल तर त्याला उलटी करवत नाहीत, ओकारी फुप्फुसात जाते. बराचसा अल्कोहोल भाजताना उडून गेला असावा. काळा रंग जाळलेल्या साखरेचा होता. चॉकलेट नव्हतं, तेवढं एक बरं.

आता हिशेब. शेजारच्या बाईंनी नीट माप दिलं होतं: एक किलोच्या केकला पाव किलो काळे मनुके आणि ५० ग्रॅम बेदाणे. सहाशे ग्रॅम केक गेला होता, म्हणजे १८० ग्रॅम मनुके. किलोमागे १५ ग्रॅम. मनुक्यांच्या बाबतीत किलोमागे ३ ग्रॅमच्या आसपास खाऊनही मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी आहेत. टायगरच्या पोटात त्याच्या पाचपट होते.

"पण आमच्या आधीच्या कुत्र्यानं कितीदा मनुके खाल्ले, त्याला काही झालं नाही," असं टायगरच्या मालकीणबाई म्हणाल्या. ते खोटं नसणार. द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात हे बरीच वर्षं माहीत होतं, कारण कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. घरी मळलेला खेळण्याचा गोळा खाऊन एका कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडली, लक्षणं द्राक्षांसारखीच, आणि त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लाचाच क्षार, होतं. द्राक्षाची जात, पिकण्याची अवस्था बदलली की हे आम्ल कमीजास्त होतं. म्हणून एक कुत्रा मूठभर खाऊन सुटतो आणि दुसरा तेवढ्यातच मरणाच्या दारात जातो. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. आमटीसाठी भिजवलेला चिंचेचा गोळा ओट्यावर राहिला आणि कुत्र्यानं खाल्ला, तर मी मनुके खाल्ल्यासारखीच धावपळ करते.

उलटीच्या इंजेक्शनआधी पदेराचा (पाववाल्याचा) एक पाव पाण्यात भिजवून दिला. टायगरनं तो अधाशासारखा खाल्ला. रिकाम्या जठराला ढकलायला काही नसतं, ओल्या अन्नाबरोबर आतलं सगळं वर येतं. मनुके कित्येक तास जठरात पडून राहतात, म्हणून रात्रीपासून बरेच तास उलटून गेले असले तरी उलटी करवण्यात अर्थ होता. पाच मिनिटांत पहिली उलटी, मग आणखी दोन.

तिन्ही उलट्या स्टीलच्या ट्रेमध्ये घेतल्या आणि नळाखाली चहाच्या गाळणीतून धुतल्या. केकचा चिखल वाहून गेला आणि मनुके राहिले. फुगून करवंदाएवढे झालेले, साल शाबूत, काहींना दात लागल्याची खूणही नव्हती. वजन करून उपयोग नव्हता, पाणी पिऊन ते जड झाले होते. म्हणून मोजले. २३२ भरले. शेजारच्या बाईंकडच्या कोरड्या मनुक्यांपैकी दहा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायला लावले, तर ५ ग्रॅम. म्हणजे १८० ग्रॅमचे साधारण ३६० मनुके. बाहेर आले २३२, आत राहिले सव्वाशेच्या पुढे, वजनानं ६४ ग्रॅम. किलोमागे ५ ग्रॅमहून थोडे जास्त. हा अंदाजच, पण उपचार ठरवायला पुरेसा.

इथेच घरच्यांशी थोडी वादावादी झाली. एवढं सगळं बाहेर पडलं, कुत्रा उड्या मारतोय, मग सलाईन कशाला? कारण पहिला दिवस फसवा असतो. उलट्या, जेवण टाळणं हे २४ तासांत दिसतं, मूत्रपिंडं बिघडल्याचं रक्तात दिसायला २४ ते ७२ तास जातात. तोवर थांबलो तर नलिकांमधल्या पेशी मेलेल्या असतात आणि लघवी बंद झालेली असते. लघवी बंद पडलेल्या कुत्र्याला वाचवायला डायलिसिसच लागतं. त्यांनी ऐकलं.

विष शोषून घेणारी औषधी कोळशाची भुकटी एकदा दिली, उलटी थांबवणारं इंजेक्शन दिलं आणि रिंगर लॅक्टेटचं सलाईन सुरू केलं, तासाला ४८ मिलिलिटर. अर्ध्या लिटरची बाटली दहा तासांत संपते. नुसतं सलाईन चढवून भागत नाही, लघवी मोजावी लागते. टायगरला दर तीन तासांनी अंगणात नेऊन मागून पसरट पातेलं धरायचं, हे काम घरच्या मुलानं दोन रात्री न कंटाळता केलं. सलाईन चालू असताना बारा किलोंच्या कुत्र्याची लघवी तासाला २४ मिलिलिटरपेक्षा कमी नको. ६ च्या खाली गेली तर तेच पाणी फुप्फुसात साचू लागतं. म्हणून दर आठ तासांनी वजनही घेतलं.

रक्तातलं क्रिएटिनिन मूत्रपिंडं बिघडली की वाढतं. ते पहिल्या दिवशी ०.९ होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी १.१. तिसऱ्या दिवशी १.९. त्या सकाळी टायगरनं भाताकडे तोंड फिरवलं आणि मला पोटात गोळा आला. लघवी मात्र चालू होती, तासाला ३० च्या आसपास. ४८ तासांनी थांबवायचं ठरलेलं सलाईन पुढे चालू ठेवलं.

त्याच आठवड्यात आणखी दोन फोन आले. तीस किलोंच्या लॅब्राडोरनं १०० ग्रॅम दूध-चॉकलेट खाल्लं होतं. त्यातलं कुत्र्याला बाधणारं थिओब्रोमिन ग्रॅममागे २ मिलिग्रॅम धरलं तर किलोमागे ७ मिलिग्रॅमही होत नाही. त्रास २० पासून सुरू होतो. पोट बिघडेल, लक्ष ठेवा, एवढंच सांगितलं. तेच १०० ग्रॅम गडद चॉकलेट पाच किलोंच्या पॉमेरेनियननं खाल्लं असतं, तर ग्रॅममागे ५ मिलिग्रॅम धरून किलोमागे १०० मिलिग्रॅम झालं असतं, आणि ६० पासून झटके येतात. दुसरा फोन चोरीसबद्दल, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजबद्दल. तिथे लसूण, मीठ आणि डुकराची चरबी एकत्र. चरबीनं स्वादुपिंडाला सूज येते, ती एक-दोन दिवसांत कळते. लसणीचा परिणाम मात्र उशिरा होतो. कांदा-लसणीनं तांबड्या पेशी फुटतात, तेव्हा तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या आणि लघवी चहासारखी दिसू लागते. शिजवल्यानं हे विष जात नाही. तोवर चोरीस खाल्ल्याचं घरचे विसरून गेलेले असतात, म्हणून मी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगते.

टायगरचं क्रिएटिनिन चौथ्या दिवशी १.६ आणि पाचव्या दिवशी १.२ झालं. त्या संध्याकाळी त्यानं पेजेची वाटी चाटूनपुसून साफ केली आणि मी सलाईनची सुई काढली. सातव्या दिवशी १.०, वजन ११.८ किलो, लघवीची घनता १.०३२. म्हणजे मूत्रपिंडं लघवी घट्ट करत होती. पुढची तपासणी महिन्यानं ठेवली आहे, सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन यायला सांगितलंय.