आमची वाटचाल : पदरमोडीचे फोटो

मिरजेतल्या फोटोग्राफरला दोन प्रकारची कामं असतात, बिलाची आणि पदरमोडीची. बिलाच्या कामांबद्दल काय सांगायचं, सगळ्यांची सारखीच. पासपोर्ट, साखरपुडे, लग्नं, डोहाळजेवणं, शाळांचे ग्रुप फोटो. डिझाइनमध्ये पत्रिका, बेदाण्याच्या पेट्यांची लेबलं, पतसंस्थांचे अहवाल. 1993 मध्ये स्टेशन रोडला गाळा घेतला. पुढे रोल गेले, डिजिटल आलं, फ्लेक्सनं बोर्ड रंगवणारे पेंटर घरी बसवले, आम्ही कोरल हे डिझाइनचं आणि श्रीलिपी हे मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर शिकलो आणि टिकलो. तीस वर्षं एवढ्यात आटोपली.

पदरमोडीचं काम म्हणजे सतारमेकर गल्लीतले फोटो. शिकलगारी म्हणजे हत्यारांना धार लावण्याचं काम करणाऱ्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत सतार बनवायला घेतली, हे गावात पोरासोरांना माहीत आहे. पण पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा इथं येऊन त्याचा तंबोरा होईपर्यंत काय काय होतं, ते गल्लीत जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. रविवारी दुपारी दुकान बंद करून मी तिथं जाऊन बसायचो. घरी बोलणी खायचो. रोलचे पैसे कुणी देत नव्हतं.

कॅमेरा यशिका मॅट 124 जी. 120 च्या रोलवर बारा फोटो, त्यामुळे बोटाला आपोआप शिस्त लागते. आजही तो चालतो, शटर तेवढं थंडीत जरा आळसावतं. पॉलिश केलेला तंबोरा ज्यांनी शूट केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश चढलं की भोपळ्यावर खिडकी दिसते, दारातली सायकल दिसते आणि मध्यभागी फोटोग्राफर स्वतः दिसतो. फ्लॅशचा तर विचारच करू नये. आम्ही उत्तरेच्या खिडकीवर धोतराचं जुनं पान ताणून बांधायचो आणि उरलेली चमक डिजिटल कॅमेऱ्यावर पोलरायझरनं, म्हणजे लेन्सपुढं लावायच्या चमक मारणाऱ्या काचेनं, मारायचो. पोलरायझर दीड-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून ट्रायपॉड हवाच. आणि जागा अपुरी आहे म्हणून वाइड लेन्स लावू नका, भोपळ्याला जलोदर झाल्यासारखा दिसतो. 105 मिमीची, लांबून घ्यायची लेन्स घ्या आणि गल्लीत मागं सरका. रिक्षावाले थांबतात.

या सगळ्यातला माझा लाडका फोटो यशिकावरचा, जवारीचा, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज जुळवण्याचा. गल्लीतले एक चाचा घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, माथ्यावर कानस फिरवत होते. दोन हात मारायचे, थांबायचं, तार छेडायची, मान वाकडी करून ऐकायचं, परत कानस. तार घोडीच्या माथ्याला नुसती चाटून गेली पाहिजे. जास्त टेकली तर आवाज बसतो, कमी टेकली तर कोरडा येतो. फोटोत कानस उचललेली आहे, डोळे मिटलेले आहेत आणि शर्टाच्या खिशात विडीचं बंडल.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातम्या आल्या, पुढारी आले, ज्यांनी जन्मात गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं ते तंबोरा मांडीवर आडवा घेऊन फोटो काढून गेले. आणि दिवाळीनंतर एका संस्थेचं 2025 चं कॅलेंडर बाजारात आलं, विषय ‘आपली तंतुवाद्यं’. संस्था आमची जुनी गिऱ्हाईक, अहवाल वर्षानुवर्षं आम्हीच करत होतो. कॅलेंडर मात्र सांगलीच्या एका जाहिरात एजन्सीनं केलेलं, आणि आतले बहुतेक फोटो माझे. नाव कुठंच नाही. कोपऱ्यात एजन्सीचा लोगो.

पहिल्यांदा पाहिलं चाचांनी. कॅलेंडर घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, “मी डावरा कधी झालो रे?” तारखांची चौकट डाव्या बाजूला पाहिजे म्हणून कुणीतरी फोटो आरशासारखा उलटवला होता. कानस डाव्या हातात, शर्टाचा खिसा उजव्या छातीवर. गंमत अशी की यशिकाच्या वरच्या काचेत चित्र डावं-उजवं उलटंच दिसतं, म्हणजे फोटो काढताना मी पाहिलं ते नेमकं असंच होतं! भोपळ्यावर स्कॅन करताना राहिलेला धुळीचा एक ठिपकाही त्यांनी पुसलेला नव्हता. चोरी करायची तर निदान डाग पुसायचं क्लोन टूल तरी चालवायचं.

फोटो त्यांच्या हाती कसे गेले? संस्थेच्या एका जुन्या अहवालाच्या कव्हरला आणि आतल्या पानांना मी हे फोटो वापरू दिले होते. छपाईनंतर संस्थेनं ओपन फाइल, म्हणजे फोटोंसकट सगळं सुटं करता येईल अशी मूळ फाइल, मागितली. मोठ्या गिऱ्हाइकानं मागितली की द्यावीच लागते, या धंद्यातल्या कुणालाही विचारा. तिथून ती एजन्सीकडे गेली.

आम्ही वकिलांमार्फत नोटीस पाठवली. उत्तर आलं की फोटो संस्थेच्या कामासाठी पैसे घेऊन काढलेले होते, सबब हक्क संस्थेचा. इथं तरुण पोरांनी कान उघडे ठेवून ऐकावं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेला फोटो, उलट करार नसेल तर, त्या सांगणाऱ्याच्या मालकीचा होतो. लग्नाच्या अल्बमवर तुमचा हक्क आहे असं वाटत असेल तर आजच तो गैरसमज काढून टाका. पण आपण आपल्या खर्चानं, आपल्या मर्जीनं काढलेला फोटो आपलाच. तो एकदा वापरायला दिला म्हणून मालकी जात नाही. माझ्याकडे निगेटिव्ह होत्या, बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर तारीख, संस्थेचं पहिलं बिल फाडण्याच्या कितीतरी आधीची. पाकिटं आता वकिलांच्या कपाटात आहेत. म्हणून सांगतो, निगेटिव्ह भंगारात घालू नका, डिजिटल कॅमेऱ्याची मूळ रॉ फाइल उडवू नका, ओपन फाइल देताना आत कमी रिझोल्युशनचे फोटो घाला आणि बिलावर ‘एका वापरापुरते’ असं मराठीत लिहा.

वकील म्हणाले, जिल्हा न्यायालयात दावा लावता येईल. लावलेला नाही. लावणारच नाही असं मात्र समजू नये.

नोटिशीचा परिणाम वेगळाच झाला. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात, त्यामुळे जुलैपासून आमच्याकडे अहवालांची रांग असते. ताळेबंदाची पानं, संचालकांचे फोटो, श्रद्धांजलीचं पान, रात्री बारा वाजता येणारी दुरुस्ती. वर्षाचा निम्मा धंदा या तीन महिन्यांत. 2025 च्या जुलैत एकही फोन नाही. त्या संस्थेचं काम जाणार हे गृहीत होतं, पण तिच्या ओळखीच्या बाकीच्या संस्थाही गेल्या. ‘नोटिसा पाठवणारे लोक’ असं आमचं नाव पडलं होतं. सगळी कामं त्याच एजन्सीकडे. आमच्याकडे श्रीलिपी घोटवलेला एक पोरगाही पुढच्याच महिन्यात तिकडे रुजू झाला. पोरगा चांगला होता, त्याला बोल लावत नाही. प्रिंटरचा हप्ता मात्र दर पाच तारखेला न चुकता यायचा. गाळा भाड्यानं द्यायचा आणि घरातून काम करायचं, इथपर्यंत घरात बोलणं झालं होतं.

तेव्हा उभे राहिले ते तासगावचे आमचे बेदाण्याचे व्यापारी. नाव छापलेलं त्यांना चालणार नाही, सगळे आप्पाच म्हणतात. पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक आणि सगळ्यांत कटकटीचं. हिरव्या बेदाण्याचा रंग चार रंगांत छापणं काय असतं ते प्रेसवाल्यांना माहीत आहे. त्यातला मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-लाल, जरा चढला की माल जुना दिसतो. आप्पा प्रेसवर स्वतः येतात, मशिनमधून निघालेल्या ओल्या शीटवर खिशातला मूठभर बेदाणा ओततात आणि छापलेल्या दाण्याशेजारी खरा दाणा ठेवून बघतात. जुळला नाही तर मशिन थांबवायला लावतात. मग तोच बेदाणा मशिनमनला खायला देतात.

ते उधारी भागवायला आले होते. संगणक बंद, दुकानात मी एकटा. काय झालं ते त्यांनी विचारून घेतलं, कॅलेंडर पाहिलं, मूळ प्रिंट पाहिली. “आप्पासाहेब, सीझनला अजून वेळ आहे,” मी म्हणालो. “पेट्या लागणारच आहेत, पैसे आज घ्या,” म्हणाले आणि येत्या सीझनच्या सगळ्या लेबलांचा ॲडव्हान्स टेबलावर ठेवला. कोटेशन मागितलं नाही. त्यांच्या शब्दावर बाजारातले आणखी काही व्यापारी आले. लेबलं, कार्टन, बोर्ड, दलालांच्या डायऱ्या. अहवालांचं काम आता आम्ही शोधायला जात नाही. आलं तर आधी करार, मग प्रूफ.

हेच आप्पा पूर्वी विचारायचे, “त्या भोपळ्यांचे फोटो कोण विकत घेतं हो?” आता त्यांच्याच डोक्यात भरलंय की नव्या पेटीवर चाचांचा तो फोटो टाकायचा. मी म्हणतो, बेदाण्याचा आणि तंबोऱ्याचा संबंध काय? ते म्हणतात, दोन्ही आपल्याच जिल्ह्यातले. चाचांना विचारलं तर ते म्हणाले, उजव्या हातानं काम करताना दाखवणार असाल तर माझी हरकत नाही, आणि पेटीभर बेदाणा घरी पोचला पाहिजे. करार तयार आहे. रंगाचं प्रूफ अजून आप्पांना पसंत पडलेलं नाही.