तुम्ही विचारलंत म्हणून: मटार सोलायच्या मालिका

'मॅडम, एवढं ॲनिमे बघता, मग सगळ्यात फालतू कुठलं?' ऑफिसातली नवी मुलं हा प्रश्न जेवणाच्या सुट्टीत विचारतात, डबा उघडायच्याही आधी. भाचा विचारतो तेव्हा त्यात 'मावशी, खरं सांग हं' एवढी भर असते. आवडतं कुठलं हे फारसं कुणी विचारत नाही. आवडत्यांच्या याद्या सगळ्यांच्या सारख्याच, त्यात गंमत ती काय?

तर एकदाच सांगून टाकते. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका. पुढे बऱ्याच गोष्टी फुटणार आहेत, तेव्हा ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी आपापलं सांभाळावं.

फालतूचं उत्तर सोपं आहे: 'एक्स-आर्म', 2021. ट्रेलरमध्ये जगातल्या समस्त सायन्स फिक्शनविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. प्रत्यक्षात कॉम्प्युटरवर केलेली माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी हातपाय हलवतात आणि त्याच चौकटीत शेजारी हाताने काढलेलं पात्र भलत्याच सिनेमातून चुकून आल्यासारखं उभं असतं. भाचा आणि मी दोन भाग बघितले आणि पोट दुखेपर्यंत हसलो. म्हणजे पैसे वसूल. अशा मालिकेवर राग धरता येत नाही, कारण तिने कधी आशाच लावली नव्हती.

राग येतो तो 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'चा. आजही येतो.

पहिला सीझन आला जानेवारी 2019 मध्ये. ग्रेस फील्ड नावाचा अनाथाश्रम, पांढऱ्या कपड्यांतली गोड मुलं, प्रत्येकाच्या मानेवर पाच आकडी नंबर, आणि सगळ्यांना जीव लावणारी 'ममा' इझाबेला. कॉनी नावाची सहा वर्षांची पोर दत्तक जाते आणि तिचा कापडी ससा मागे विसरतो. तो द्यायला आश्रमातलीच एमा आणि नॉर्मन धावत फाटकापर्यंत जातात, जिथे जायची मुलांना सक्त मनाई असते. तिथल्या ट्रकमध्ये कॉनी असते. छातीत लाल फूल रोवलेलं, डोळे उघडे. अनाथाश्रम म्हणजे राक्षसांसाठी माणसाचं मांस पिकवायचं शेत आहे, हे आपल्याला आणि त्या दोघांना एकाच क्षणी कळतं. ट्रकखाली लपलेल्या एमाचा चेहरा मी तीनदा मागे नेऊन बघितला.

आणि त्यानंतरचे अकरा भाग हा दर्जा टिकतो. मारामारी जवळजवळ नाहीच. ममाच्या खिशातलं घड्याळ, ज्यात कुठलं मूल कुठे आहे ते दिसतं, ते ती उघडून बघते तेव्हा माझाच हात रिमोटवर घट्ट व्हायचा. शेवटच्या भागात तर इझाबेलाचीच गोष्ट सांगतात. तीही अशाच आश्रमात वाढलेली. तिच्या लहानपणच्या मित्राने रचलेलं गाणं ती गुणगुणायची. एक दिवस आश्रमातला रे नावाचा लहानगा तेच गाणं गुणगुणतो, आणि तिला उमगतं की हा आपल्याच पोटचा मुलगा. तो विचारतो, ममा, तू मला का जन्म दिलास? मी गॅसवर दूध ठेवून हे बघत बसले होते. दूध उतू गेलं. घरी सांगितलं, फोन आला होता.

आता दुसरा सीझन, जानेवारी 2021. माझं काम हिशेबाचं, म्हणून आकड्यांतच सांगते. मूळ मांगाची, म्हणजे मालिका जिच्यावरून केली त्या जपानी चित्रकथेची, प्रकरणं 181. पहिल्या सीझनने बारा भागांत 37 घेतली. उरली 144. दुसऱ्या सीझनचे भाग अकरा. बसवा आता! गोल्डी पाँड हा मांगातला सगळ्यात रंगलेला टप्पा अख्खा उडवला, आणि त्याच्यासोबत युगोही. हा पळून वाचलेला, आतून मोडलेला मोठा माणूस, मुलांना पुढचा रस्ता दाखवणारा. तो गेला म्हणजे गोष्टीचा कणाच काढून घेतला. आणि शेवट कसा, तर एमा आणि तिची माणसं मागे थांबून राक्षसांचं जग बदलतात म्हणे. 'म्हणे' अशासाठी की ते आपल्याला दाखवतच नाहीत. स्थिर चित्रं एकामागून एक सरकतात, संवाद नाही. लग्नाचा अल्बम पाहुण्यांसमोर कुणीतरी भराभर उलटावा, तसं. कोण कुणाचं हे विचारायच्या आत पुढचं पान. ज्या मालिकेने एका घड्याळावर मला श्वास रोखायला लावला होता, तिने जगाची क्रांती मिनिटाभरात उरकली.

यावर मुलं लगेच म्हणतात, 'मॅडम, स्टुडिओ बदलला असेल.' नाही बदलला. दोन्ही वेळा क्लोव्हरवर्क्सच, दिग्दर्शकही तेच मामोरू कान्बे. हे स्टुडिओचं नाव बघून नवस बोलायचं खूळ मला कळत नाही. 'वन पंच मॅन'चा पहिला सीझन 2015 मध्ये मॅडहाऊसने केला आणि दुसरा 2019 मध्ये जे.सी. स्टाफने. दुसरा पडेल झाला (झालाच, नायक सैतामाच्या ठोशात पहिल्यासारखं वजन उरलं नाही), तेव्हा सगळा दोष पाटी बदलण्यावर गेला. पण पहिल्या सीझनसाठी दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांनी उत्तमोत्तम चित्रकार जमवले होते, आणि त्यांतले बरेच कुठल्याच स्टुडिओचे पगारी नोकर नव्हते. काम संपलं, मंडळी पांगली. खानावळीची पाटी बघून जेवायला जाऊ नये, आत आचारी कोण आहे ते विचारावं.

आणि पैसा बहुतेक वेळा स्टुडिओचा नसतोच. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी विकणारे असे चारपाच जण मिळून 'निर्मिती समिती' करतात. स्टुडिओला ठरलेली रक्कम मिळते आणि ठरलेली तारीख. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे चार हंगाम, एका हंगामात साधारण बारा भाग. ॲनिमे ही पुष्कळदा मूळ मांगाची जाहिरात असते. 'नेव्हरलँड'चा मांगा 2020 च्या जूनमध्येच संपला होता. संपलेल्या मालाच्या जाहिरातीवर खर्च करायला कुणाचा हात सैल सुटेल? हा माझा तर्क, पण ताळेबंद बघत आयुष्य गेलंय, असले तर्क सहसा चुकत नाहीत.

तारखेने मारलेली दुसरी मालिका त्याच 2021 च्या जानेवारीतली: 'वंडर एग प्रायॉरिटी'. ही कुठल्या मांगावरून नव्हती, स्वतंत्र होती. पिवळी हुडी घातलेली, दोन डोळ्यांचे दोन रंग असलेली आय नावाची मुलगी. तिच्या मैत्रिणीने आत्महत्या केलेली. स्वप्नात एक अंडं फोडायचं, त्यातून जीव दिलेली एखादी मुलगी बाहेर येते, तिला तिच्या राक्षसापासून वाचवायचं. इतक्या नाजूक विषयावर इतकं देखणं काम मी टीव्हीवर क्वचित बघितलं असेल. आठव्या भागालाच गाडी अडली. त्या आठवड्यात नवं काही नाही, आधीचीच उजळणी. मग अकराव्या भागात फ्रिल नावाची यंत्रमुलगी अचानक उगवते आणि सगळ्याचं खापर तिच्यावर फुटतं. मुलींच्या आत्महत्यांमागची शाळा, घर, मोठी माणसं, ज्यांच्याकडे पहिले दहा भाग बोट दाखवत होते, ती सगळी सुटली. जूनमध्ये एक विशेष भाग काढून शेवट करायचा प्रयत्न झाला, त्यातही बराच वेळ उजळणीत गेला. हे मला नुसतं वाईट वाटलं नाही, हे मला अप्रामाणिक वाटलं.

'उझुमाकी'बद्दल थोडक्यात. जुंजी इतो यांचा भयमांगा, चारच भाग, काळेपांढरे. 2019 मध्ये घोषणा, 2024 मध्ये दर्शन. पहिल्या भागात लाकडी टबात स्वतःलाच गोल गुंडाळून घेतलेला बाप बघितला आणि त्या रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून झोपले. दुसऱ्या भागात माणसं चालायला लागली की हसू येत होतं. पाच वर्षं थांबले होते.

आता मधल्या मालिकांकडे येते. त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही आणि माझा निम्मा वेळ त्यांच्यातच जातो.

आमच्या घरी त्यांना 'मटार सोलायच्या मालिका' म्हणतात. हिवाळ्यात रविवारी सकाळी तीन किलो मटार, पुढ्यात ताट, समोर टीव्ही. नजर निम्मा वेळ शेंगेवर असली तरी काही बिघडत नाही, अशीच मालिका तिथे चालते. माझी लाडकी म्हणजे 'इन अनदर वर्ल्ड विथ माय स्मार्टफोन', 2017 ची. देवाच्या हातून चुकून वीज पडते आणि तोया नावाचा मुलगा मरतो. मग ढगांवर चटया अंथरलेल्या खोलीत म्हातारा देव त्याला चहा देतो आणि चक्क माफी मागतो. भरपाई म्हणून दुसऱ्या जगात नवा जन्म, वर काय हवं ते माग. पोरगं काय मागतं? माझा मोबाइल तिथे चालू दे. देव म्हणतो, बरं, जादूने चार्ज होईल असं करतो. पुढे तोयाला काहीही अवघड जात नाही. संकट येतं, तो सोडवतो, आणखी एक मुलगी त्याच्या प्रेमात पडते. नाट्य शून्य. पण ही मालिका कधी खोटं बोलली नाही. पहिल्या दहा मिनिटांत जेवढं कबूल केलं तेवढंच बाराव्या भागापर्यंत दिलं. 2023 मध्ये दुसरा सीझन आला, तोही तस्साच. मटार सोलून झाले.

राहता राहिलं 'स्वोर्ड आर्ट ऑनलाइन', ज्यावरून भाच्याशी माझं कायमचं भांडण आहे. 2012 ची मालिका. दहा हजार खेळाडू एका ऑनलाइन खेळात अडकतात, शंभर मजल्यांचा किल्ला सर केल्याशिवाय सुटका नाही, खेळात मेलात तर खरंच मेलात. कल्पना पहिल्या नंबरची. पण दोन वर्षांचा तुरुंगवास चौदा भागांत, तोही उड्या मारत. आणि दुसऱ्या अर्ध्यात जे केलं ते मी माफ केलेलं नाही. असुना ही नावाजलेल्या दलाची उपप्रमुख, तलवारीच्या वेगात भल्याभल्यांना भारी. तिला सोन्याच्या पिंजऱ्यात बसवली आणि नायक किरितोला तिला सोडवायला पाठवलं. मी हे म्हटलं की भाचा उसळतो.

मागच्या दिवाळीत म्हणाला, 'मावशी, तिने आरशात बघून दाराचा कोड पाठ केला आणि स्वतःच्या पायांनी बाहेर पडली, हे तू सोयीस्कर विसरतेस.'

खरंच विसरले होते. रात्री सगळे झोपल्यावर तो भाग काढून बघितला. कोड तिनेच पाठ केलेला. दार तिनेच उघडलेलं. पुढे हाती लागलेलं कार्डही तिनेच खाली किरितोपर्यंत टाकलेलं. सकाळी फराळाच्या ताटावर मी त्याला सांगितलं, बाबा, तुझं बरोबर. तो चकली मोडत नुसता हसला. मग मी विचारलं, 'आणि बाहेर पडल्यावर किती वेळ मोकळी राहिली रे ती?'

'मावशी, तू ना...' म्हणाला आणि दुसरी चकली घेतली.